हौशी स्वार आणि जुनी यंत्रे

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. लांबी सुमारे पन्नास किलोमीटर, रुंदी वीसच्या आसपास. मेंढ्या, दाट धुके, मासेमारी आणि स्वतःची प्राचीन विधिसभा यांसाठी ते ओळखले जाते. परंतु जगातील मोटारसायकल-प्रेमींना ते ठाऊक आहे ते एका रस्त्यामुळे. वर्षाचे बहुतेक दिवस या रस्त्यावरून दूधवाले, टपालवाले आणि शाळेच्या गाड्या जातात. काही ठरावीक दिवशी मात्र तो कायद्याने बंद केला जातो आणि त्यावरून मोटारसायकली ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावतात. त्या स्वारांत धंदेवाईक शर्यतपटू असतात, तसेच सोमवारी पुन्हा आपल्या कामावर रुजू होणारे सुतार, वीजतंत्री, शिक्षक आणि शेतकरीही असतात. त्यांपैकी कित्येकांच्या मांडीखालचे यंत्र त्यांच्याच वयाचे, क्वचित त्यांच्याहूनही वडील असते.

प्रस्तुत प्रकरणात आपण या हौशी स्वारांचा आणि त्यांच्या जुन्या यंत्रांचा विचार करणार आहोत. शर्यत धोक्याची असते हे सांगण्यास ग्रंथाची गरज नाही. तो धोका नेमका कोठे दडलेला असतो, तो कोणाला दिसतो व कोणाला दिसत नाही, आणि तो कमी करण्याचे उपाय कोणत्या अनुभवातून निर्माण झाले, हे समजून घेणे मात्र उद्बोधक आहे. रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या माणसालाही त्यातून काही शिकता येण्यासारखे आहे.

बेटावरचा रस्ता

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर ताशी वीस मैलांची, म्हणजे सुमारे बत्तीस किलोमीटरची वेगमर्यादा होती आणि शर्यतीसाठी रस्ते बंद करण्यास कायद्याची संमती नव्हती. मॅन बेटाचा कायदा वेगळा. तेथील विधिसभेने १९०४ साली मोटारींच्या चाचणीसाठी रस्ते बंद करण्याची परवानगी देणारा कायदा केला आणि १९०७ साली तेथे टुरिस्ट ट्रॉफी ही मोटारसायकलींची शर्यत सुरू झाली. त्या पहिल्या शर्यतीत एका सिलिंडरच्या यंत्रांच्या गटात विजयी ठरलेल्या चार्ली कॉलियर यांचा सरासरी वेग ताशी सुमारे ६१ किलोमीटर होता. आज आपल्याकडील साधी दुचाकीही हा वेग सहज गाठते.

१९११ पासून ही शर्यत डोंगरातून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर होऊ लागली. या मार्गाची एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे जवळजवळ ६१ किलोमीटरची आहे. डग्लस या राजधानीच्या गावातून निघालेला रस्ता उतारावरून घरांच्या रांगांमधून जातो, खेड्यांतून वळसे घेतो, बॅलॉ येथील उंचवट्याच्या पुलावरून उडी घेतो आणि रॅम्से गावानंतर स्नेफेल डोंगराच्या अंगाने चारशे मीटरहून अधिक उंची गाठून पुन्हा डग्लसला उतरतो. वाटेत दोनशेहून अधिक वळणे आहेत. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे, विजेचे खांब, घरांच्या पायऱ्या आणि झाडे आहेत. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या बंदिस्त मार्गावर वळणाबाहेर वाळूची वा गवताची मोकळी जागा राखलेली असते. घसरलेला स्वार त्या जागेत घरंगळत जाऊन थांबतो. येथे ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

या फरकाचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची गतिज ऊर्जा शंभर मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूच्या ऊर्जेइतकी असते. वेग निम्मा केला तर ही उंची निम्मी न होता चौथ्या हिश्शावर, म्हणजे पंचवीस मीटरवर येते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मोकळ्या जागेत घसरत गेलेल्या स्वाराची ही ऊर्जा घर्षणामुळे हळूहळू खर्च होते. दगडी कुंपणावर आदळलेल्या स्वाराची तीच ऊर्जा क्षणार्धात खर्च होते, आणि ती खर्च होण्याचे स्थान म्हणजे त्याचे शरीर. १९११ पासून या एका मार्गावर, सराव आणि शर्यती मिळून, अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. पुढील सर्व विवेचन वाचताना वाचकाने हा आकडा विसरू नये.

हौशी कोणास म्हणावे?

टुरिस्ट ट्रॉफीत कारखान्यांनी पगारावर ठेवलेल्या स्वारांचे वर्चस्व वाढू लागले, तेव्हा केवळ हौसेखातर धावणाऱ्यांसाठी निराळी शर्यत असावी असा विचार पुढे आला. सप्टेंबर १९२३ मध्ये याच मार्गावर हौशींची पहिली शर्यत झाली. परंतु हौशी म्हणजे कोण, हा प्रश्न लवकरच वादाचा ठरला. यंत्र कारखान्याकडून सवलतीने मिळाले तर चालेल काय? तेलाच्या कंपनीने विजेत्याला बक्षिसी दिली तर तो हौशी राहतो काय? या वादांतून सुटका व्हावी म्हणून नियम बदलण्यात आले आणि १९३० पासून ही शर्यत मँक्स ग्रां प्री या नावाने होऊ लागली. २०२३ साली तिच्या पहिल्या शर्यतीस शंभर वर्षे झाली.

नाव बदलले तरी तिचे स्वरूप पुष्कळसे तसेच राहिले. धंदेवाईक स्वारामागे यंत्रतज्ज्ञ, टायरतज्ज्ञ, व्यवस्थापक असा लवाजमा असतो. हौशी स्वाराचा संसार बहुधा एका मालवाहू गाडीत मावतो. इंजिन त्याने स्वतः हिवाळ्यात रात्री जागून उघडलेले व जुळवलेले असते. सोबतीला भाऊ, मित्र वा पत्नी असते. रजा मोजकी आणि पैसा त्याहून मोजका असतो. तोच यंत्राचा मालक, तोच दुरुस्ती करणारा, तोच परीक्षक आणि तोच स्वार. धंदेवाईक संघात हे चार अधिकार चार माणसांकडे विभागलेले असतात, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येण्याचा संभव असतो. हौशी स्वाराच्या बाबतीत चूक करणारी आणि चूक शोधणारी नजर एकच असते. हौशी शर्यतीतील धोक्याचे मूळ बव्हंशी येथे आहे.

१९८३ पासून मँक्स ग्रां प्रीमध्ये जुन्या यंत्रांसाठी वेगळ्या शर्यती सुरू झाल्या. नॉर्टन, मॅचलेस, ए.जे.एस. यांसारखी एकेकाळची नामांकित ब्रिटिश यंत्रे पुन्हा त्या रस्त्यावर दिसू लागली. पुढे १९७० च्या दशकातील जपानी यंत्रांनाही जुन्यांच्या पंक्तीत स्थान मिळाले. या शर्यतींची गोडी समजण्यासारखी आहे. जुन्या यंत्राची रचना मनुष्याच्या हाताला आणि बुद्धीला पेलणारी असते. एका सिलिंडरचे इंजिन उघडले की त्याचे कार्य डोळ्यांना दिसते. बिघाड कळतो, सुटा भाग लेथवर करवून घेता येतो. तथापि यंत्र जुने म्हणजे संथ, हा समज चुकीचा आहे. पाचशे घन सेंटिमीटरच्या गटातील जुन्या धाटणीची उत्तम यंत्रे या मार्गावर ताशी १७० किलोमीटरहून अधिक सरासरीने फेरी पूर्ण करतात.

धातूचा शिणवटा

जून १९६१ मधील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. एकवीस वर्षांचे माइक हेलवुड त्या आठवड्यात टुरिस्ट ट्रॉफीच्या चार शर्यतींत उतरले होते. १२५ आणि २५० घन सेंटिमीटर गटांच्या शर्यती त्यांनी होंडावर जिंकल्या. ज्युनिअर शर्यतीत ते ए.जे.एस.च्या ३५० घन सेंटिमीटरच्या यंत्रावर अखेरच्या फेरीपर्यंत आघाडीवर होते. त्याच फेरीत इंजिनमधील गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी बोटाएवढी पोलादी खीळ, तुटली. हेलवुड यांची शर्यत तेथेच संपली आणि विजय नॉर्टनवरील फिल रीड यांना मिळाला. आदल्याच वर्षी मँक्स ग्रां प्रीची सीनिअर शर्यत जिंकून हे रीड पुढे आले होते. दोन दिवसांनी हेलवुड यांनी सीनिअर शर्यत नॉर्टनवर ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. स्वाराचे कौशल्य दोन्ही दिवशी तेच होते. निकाल एका खिळीने ठरवला.

ही खीळ का तुटते? इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला दोनशे तीसहून अधिक वेळा आपली दिशा उलटवतो. प्रत्येक वेळी खिळीवर एकदा दाब व एकदा ओढ असा उलटसुलट भार येतो. या मार्गाच्या एका फेरीत इंजिनाचे सुमारे दीड लाख फेरे होतात. चार फेऱ्यांच्या शर्यतीत सहा लाख. तार एकदा वाकवल्याने तुटत नाही, पण तीच पुनःपुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखविले की, एकदाच दिला असता धातू सहज पेलू शकेल असा भारही लक्षावधी वेळा दिल्यास तो धातूला तोडतो. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. आधी पृष्ठभागावर एखाद्या ओरखड्यापाशी, कोपऱ्यापाशी वा गंजाच्या टिंबापाशी केसाहून बारीक तडा पडतो. तो प्रत्येक भाराबरोबर किंचित सरकतो. उरलेला धातू भार पेलण्यास अपुरा पडला की क्षणात तुकडा पडतो. १९५४ साली कॉमेट जातीच्या जेट विमानांना झालेल्या अपघातांच्या चौकशीत याच शिणवट्याचा उलगडा झाला, तेव्हा सर्वसामान्य लोकांनाही हा शब्द परिचयाचा झाला.

जुन्या यंत्राच्या स्वारासाठी यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, पोलादाच्या बाबतीत भार एका मर्यादेखाली ठेवल्यास शिणवट्याची भीती व्यवहारात उरत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना मात्र अशी निश्चित मर्यादा नाही. त्यांचे आयुष्य झिजतच असते. दुसरी गोष्ट अशी की, धातू आपले वय चेहऱ्यावर दाखवत नाही. नव्याने चकाकी दिलेला, रंग लावलेला भाग आतून कितीदा वाकला आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पन्नास वर्षांत तो कोणकोणत्या हातांतून गेला, कितीदा पडला, कोणी तापवून सरळ केला, याची नोंद कोठेही नसते.

यावर उपाय आहेत. सुट्या भागावर रंगीत भेदक द्रव लावून पुसला आणि वर पांढरी भुकटी पसरली की तड्यात शिरलेला द्रव रेघेच्या रूपाने वर येतो. पोलादी भाग चुंबकित करून त्यावर लोहकण टाकले की ते तड्यापाशी गोळा होतात. आज शर्यतीत धावणारी कित्येक जुनी यंत्रे वास्तविक जुन्या आराखड्यांवरून नव्या धातूत घडविलेली असतात, हाही एक उपायच होय. परंतु त्यातून नवा प्रश्न उद्भवतो. नव्या धातूमुळे इंजिनाची शक्ती मूळ यंत्राहून वाढते, आणि सांगाडा, चाके व ब्रेक यांची रचना मात्र नियमानुसार जुन्याच धाटणीची ठेवावी लागते. एक दुवा बळकट केला की ताण पुढच्या दुव्यावर जातो.

ब्रेक, तेल आणि अडकलेले इंजिन

जुन्या यंत्रांत बहुधा ड्रम-ब्रेक असतो. चाकाच्या पोकळ तुंब्यात आतून दोन पट्ट्या बाहेर ढकलल्या जातात आणि घर्षणाने चाक मंदावते. गतिज ऊर्जेचे येथे उष्णतेत रूपांतर होते. तापलेला तुंबा प्रसरण पावतो, म्हणजे पट्ट्यांपासून दूर सरतो. पट्ट्यांवरील घर्षणद्रव्याची पकडही तापल्यावर घटते. परिणामी पहिल्या वळणाला जेवढा ब्रेक लागला तेवढा पाचव्या वळणाला लागत नाही. डिस्क-ब्रेकमध्ये चकती हवेत उघडी असल्याने हा दोष पुष्कळ कमी असतो. जुन्या यंत्राच्या स्वाराला आपल्या ब्रेकची ही कमी होत जाणारी शक्ती मनात धरूनच प्रत्येक वळणाचा अंदाज बांधावा लागतो. ताशी १६० किलोमीटर वेगाने यंत्र दर सेकंदाला ४४ मीटर पुढे जात असते. अंदाज अर्ध्या सेकंदाने चुकला तर बावीस मीटर हातचे जातात.

दुसरा धोका इंजिन अडकण्याचा. द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच पोचते. लांब उतारावर स्वाराने थ्रॉटल बंद केला की इंजिन वेगाने फिरत राहते, पण त्याला पेट्रोल व त्यासोबतचे तेल फारच थोडे मिळते. पिस्टन सिलिंडरला चिकटला तर मागचे चाक एकाएकी थांबते. अनुभवी स्वार म्हणूनच डावी बोटे सदैव क्लचच्या दांडीवर ठेवतात आणि आवाजात किंचित फरक जाणवताच क्लच दाबून चाक इंजिनापासून मोकळे करतात. ही सवय पुस्तकातून येत नाही. ती नसलेल्या नवख्याला पहिला प्रसंगच शेवटचा ठरू शकतो.

तिसरा धोका सर्वांत नैतिक स्वरूपाचा आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. जुनी इंजिने तेल गाळतात. प्राथमिक साखळीवर थेंबथेंब तेल सोडण्याची आणि ते वाया जाऊ देण्याची पद्धत एकेकाळी सर्वमान्य होती. शर्यतीत मात्र एका यंत्रातून गळलेले तेल त्याच स्वाराला क्वचितच पाडते. ते पाडते मागून येणाऱ्याला. 'माझा जीव, माझी जोखीम' हे हौशी स्वारांचे आवडते वाक्य येथे पूर्णपणे निरुत्तर होते.

मस्तकाचे रक्षण

यंत्राच्या धोक्याकडून आता स्वाराच्या शरीराकडे वळू. आज आपण शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, गृहीत धरतो. परंतु त्याचा जन्म शर्यतीच्या मार्गालगतच झाला. इंग्लंडमधील ब्रुकलंड्स या शर्यतमार्गावरील वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांना मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा वारंवार पाहाव्या लागत. त्यांनी कापड व लाख यांचे कठीण शिरस्त्राण तयार करवून घेतले. स्वारांना ते अवजड वाटले, संयोजकांनी प्रथम नकार दिला. पण १९१४ च्या टुरिस्ट ट्रॉफीत ते सक्तीचे झाले.

शर्यतीबाहेरच्या जगाला हे शहाणपण येण्यास बराच काळ लागला. मे १९३५ मध्ये अरबस्तानातील मोहिमांमुळे प्रसिद्धीस आलेले टी. ई. लॉरेन्स हे आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी मस्तकाच्या दुखापतीने वारले. त्यांना तपासणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी लष्करातील निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामावरील स्वारांना ते सक्तीचे केले. ब्रिटनमधील सर्व नागरिकांसाठी सक्ती यायला १९७३ साल उजाडले. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात ही तरतूद आहे.

जुन्या यंत्रांच्या शर्यतीत म्हणूनच एक विरोधाभास मुद्दाम जोपासलेला दिसतो. यंत्र जुन्या काळचे, परंतु स्वाराचे शिरस्त्राण, कातडी पोशाख आणि पाठीचे कवच आजच्या मानकांचे. भूतकाळाचे प्रेम यंत्रापुरते ठेवावे, मस्तकापर्यंत नेऊ नये, हा त्यातील विवेक होय.

'नाही' म्हणण्याचा अधिकार

शर्यतीपूर्वी प्रत्येक यंत्र तपासनिसासमोर न्यावे लागते. वरवर पाहता त्याचे प्रश्न क्षुल्लक वाटतात. तेल सोडण्याच्या बुचाला तार बांधली आहे काय? इंजिनाच्या श्वासनलिकेतून उडणारे तेल पकडण्यासाठी डबा आहे काय? खाली गळती झेलणारी परात आहे काय? थ्रॉटल सोडताच आपोआप बंद होतो काय? ब्रेक आणि क्लच यांच्या दांड्यांच्या टोकांना गोळे आहेत काय? चाकाच्या तारा सैल नाहीत ना? टायर कोणत्या साली तयार झाला? रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते, त्यामुळे खाच खोल दिसत असूनही टायरची पकड गेलेली असू शकते.

या प्रश्नावलीतील बहुतेक ओळी कोणत्या ना कोणत्या अपघातानंतर लिहिल्या गेल्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षुल्लक वाटेनाशा होतात. बुचाला तार बांधण्याचा नियम आहे, कारण कंपनाने बूच सुटून मागच्या चाकाखाली तेल सांडते. दांडीला गोळा लावण्याचा नियम आहे, कारण पडलेल्या स्वाराच्या अंगात दांडीचे टोक घुसू शकते.

परंतु तपासनिसाचे खरे मोल त्याच्या यादीत नसून त्याच्या त्रयस्थपणात आहे. हिवाळाभर यंत्रावर राबलेला, बोटीचे भाडे भरून बेटावर आलेला, वर्षाची रजा खर्ची घातलेला हौशी स्वार सांगाड्यावरील बारीक रेघेला रंगाचा ओरखडा म्हणण्यास मनोमन तयार असतो. तो अप्रामाणिक असतो असे नव्हे; त्याने इतके काही पणाला लावलेले असते की त्याच्या नजरेला तडा दिसणेच कठीण होते. तपासनिसाने त्या यंत्रासाठी काहीच गमावलेले नसते. म्हणून त्याला तडा दिसतो, आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्याच्या हाती ठेवलेला असतो.

असाच अधिकार इतरांनाही दिलेला आहे. मार्गावर शेकडो मार्शल उभे असतात आणि ते सर्व स्वयंसेवक असतात. त्यांची संख्या पुरेशी नसेल तर शर्यत सुरू होत नाही. डोंगरावर धुके उतरले आणि जखमींना नेणारे हेलिकॉप्टर उडू शकत नसेल, तर सारे काही सज्ज असूनही स्वारांना थांबावे लागते. स्वारांना एकदम न सोडता ठरावीक सेकंदांच्या अंतराने सोडले जाते, जेणेकरून अरुंद रस्त्यावर त्यांचा घोळका होऊ नये. नवख्यांना पुरेशा शर्यतींचा अनुभव दाखविल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि पहिल्या फेरीत अनुभवी स्वारामागून मर्यादित वेगाने मार्ग पाहावा लागतो. या सर्व तरतुदींचे सूत्र एकच आहे : ज्याला धावण्याची इच्छा अनिवार आहे, त्याच्याकडेच धावावे की न धावावे याचा अंतिम निर्णय ठेवू नये.

शोलावरमची धावपट्टी

आपल्या देशातील हौशी शर्यतींची परिस्थिती निराळी होती, आणि या दोहोंची तुलना बोधप्रद आहे. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विमानतळ होता. त्याच्या धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाअखेरपर्यंत मोटारी व मोटारसायकलींच्या शर्यती भरत असत. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब त्यामागे होता. पुढे याच क्लबने श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टई येथे खास शर्यतींसाठी मार्ग बांधला आणि १९९० साली तो वापरात आला.

मॅन बेटावर स्वार जुने यंत्र आवडीने निवडतो. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात भारतीय हौशी स्वाराला निवडीला फारसा वाव नव्हता. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा व तिचीच पुढची येझ्दी, राजदूत अशी मोजकी यंत्रे होती. त्यांची मूळ रचना परदेशात जुनी झालेली होती, पण आपल्याकडे तीच नवी म्हणून विकत मिळत असे. रस्त्यावरचे यंत्र सोलून, हलके करून, सिलिंडरची दारे कानशीने मोठी करून स्वार शर्यतीला उतरत. सुटे भाग दुर्मिळ असल्याने एकच भाग पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरला जाई. शिणवट्याविषयी वर जे सांगितले ते येथे अधिकच लागू पडते.

धावपट्टीला दगडी कुंपणे नव्हती, ही शोलावरमची जमेची बाजू. मात्र सपाट, रुंद व सरळ पट्टीवर वेग भुलवणारा असतो. जवळून पळणाऱ्या भिंती नसल्या की आपण किती वेगात आहोत याचा अंदाज मनाला येत नाही. मुद्दाम बांधलेल्या बंदिस्त मार्गाचे महत्त्व यातून कळते. तेथे वळणांबाहेरची मोकळी जागा, वैद्यकीय पथकाची वाट आणि प्रेक्षकांचे अंतर ही आधी कागदावर आखलेली असतात.

जोखमीचा हिशेब

हौशी स्वारांशी बोलताना एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : 'साध्या रस्त्यावरही माणसे मरतातच.' हे विधान खोटे नाही. स्वतः माइक हेलवुड यांचे निधन शर्यतीत झाले नाही. १९८१ साली सार्वजनिक रस्त्यावरील मोटार-अपघातात ते आणि त्यांची लहान मुलगी मरण पावली. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक होते.

तथापि या आकड्यांवरून शर्यत रस्त्याहून सुरक्षित ठरत नाही. रस्त्यावर कोट्यवधी माणसे रोज कित्येक तास असतात. बेटावरील मार्गावर काही शेकडा स्वार वर्षातून काही तास असतात. जोखीम मोजायची तर मृत्यूंच्या संख्येस त्या धोक्यात घालविलेल्या वेळेने वा अंतराने भागले पाहिजे. असा भागाकार केला की डोंगरी मार्गावरील शर्यतीची जोखीम रोजच्या प्रवासाहून कितीतरी पटींनी मोठी असल्याचे दिसून येईल. ती स्वेच्छेने पत्करलेली असते एवढेच तिचे समर्थन होऊ शकते, आणि तेही अपुरे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या स्वाराची प्रतिक्रिया मंदावलेली असते, हाडे सावकाश जुळतात, आणि त्याच्यामागे संसार असतो. पडलेल्या स्वाराकडे धावत जाणारा मार्शल, तेलावरून घसरणारा दुसरा स्वार आणि दूरध्वनीजवळ बसलेले घरचे माणूस यांनी त्या जोखमीवर सही केलेली नसते.

मग अशा शर्यती बंद कराव्यात काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने आपापल्या परीने दिले आहे. १९७६ नंतर टुरिस्ट ट्रॉफीला जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून वगळण्यात आले, कारण अनेक अग्रगण्य स्वारांनी त्या मार्गावर धावण्यास नकार दिला होता. गुणांच्या सक्तीने कोणी तेथे येऊ नये, हा त्यातील रास्त विचार. हौशी मात्र येतच राहिले. त्यांना रोखण्यापेक्षा त्यांना पूर्ण माहिती देणे आणि त्यांच्याहून शांत डोक्याच्या माणसाच्या हाती लाल निशाण देणे, हाच मार्ग आजवर त्यातल्या त्यात शहाणपणाचा ठरला आहे.

या प्रकरणाचा निष्कर्ष शर्यतीपुरता मर्यादित नाही. आपल्या गावोगावी वीस-तीस वर्षांच्या दुचाक्या रोज धावतात. त्यांचे मालक त्यांच्यावर मनापासून प्रेम करतात आणि त्यामुळेच त्यांचे दोष त्यांना दिसत नाहीत. अशा मालकाने वर्षातून एकदा आपली गाडी त्रयस्थ, जाणत्या कारागिराकडे न्यावी, टायरवरील सालाचा आकडा वाचून घ्यावा, ब्रेकच्या पट्ट्या उघडून पाहाव्यात, आणि कारागीर 'ही आज रस्त्यावर नेऊ नका' म्हणाला तर हुज्जत न घालता घरी चालत जावे.